पाचव्यांदा उठताना

आक्का,

तुझी निधनवार्ता मीच लिहिली. नाव, वय, गल्ली, मागे कोण कोण, रक्षाविसर्जन किती वाजता. पाच ओळी भरल्या, त्यातली एक कापली. दोनदा वाचली. चूक नव्हती. तीस वर्षं वर्तमानपत्रात काढल्यावर एवढं कळतं की इतर बातम्यांतली चूक लोक विसरतात, निधनवार्तेतली विसरत नाहीत.

त्याला आता तीन आठवडे झाले. गेल्या रविवारी सकाळी सव्वासातला मी निपाणीच्या स्टँडवर उभा होतो. सवय. बेळगावची बस आली, चढलो, संकेश्वर मागे पडलं आणि मग लक्षात आलं की पिशवीत वही आहे. तुझी वही. बेळगावात उतरलो, पण वडगावला तुझ्या घराकडे वळलो नाही. स्टँडवर चहा घेतला, अर्धा टाकला आणि आल्या वाटेनं परत फिरलो. दाजींना हे सांगितलेलं नाही, तुझ्या सुजातालाही नाही. तुला सांगतोय, कारण तू लगेच विचारलं असतंस, "मग आलतास कशाला रं?" आणि मला उत्तर देता आलं नसतं.

उत्तर आता देतो. वहीत एक आकडा चुकला आहे. तिथपर्यंत यायला थोडा वेळ लागेल. नेहमीसारखी "थोडक्यात सांग" म्हणू नकोस.

"थोडक्यात सांग, माग चालू हाय." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा चौथीत होतो. तू वडगावच्या याच आपल्या घरात दोन मागांच्या मधे उभी, एका धोट्यातली सुताची कांडी बदलून दुसऱ्याकडे वळलेली, आणि मी तुला पेपर वाचून दाखवत होतो. तुझी शाळा सातवीत सुटली होती, बातम्या मात्र तुला सगळ्या हव्या असायच्या. मागाच्या खडखडाटात लांब वाक्य पोचायचं नाही. मग मी तोडून सांगायला शिकलो. कुणी, कुठं, काय केलं. पुढे माझी पहिली बातमी वाचून संपादकांनी विचारलं, असं लिहायला कुणी शिकवलं? मी कॉलेजच्या एका प्राध्यापकांचं नाव सांगितलं. मागावर उभ्या असलेल्या बहिणीचं नाव सांगायची लाज वाटली. हे तुला कधी बोललो नाही.

लिव्हर बदलावं लागेल असं डॉक्टर म्हणाले त्याला आता दोन वर्षं होतील. साखर आणि लिव्हरमध्ये साठलेली चरबी, एवढंच कारण त्यांनी दिलं. गल्लीला ते पुरेसं वाटलं नाही. समोरची बाई बघायला आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "दाजी घेत्यात व्हय गं?"

"ते न्हाय," तू म्हणालीस. "मीच. मागाखाली बाटली असत्या."

ती चहा न पिता गेली.

बंगळूरला यादीत नाव लागलं. कुणाचं तरी लिव्हर मिळेपर्यंत वाट बघायची. वाट कशी बघायची हे तिथल्या कागदांत लिहिलेलं असणार. मी ते कागद चाळले, खाली सह्या केल्या, आणि घरी आल्यावर आपण सगळ्यांनी मिळून वाट बघणं म्हणजे पडून राहणं असं ठरवून टाकलं. दाजींनी तुझी कॉट मागाच्या खोलीत खिडकीपाशी लावली आणि तुला गडबड नको म्हणून, आप्पांनंतर तुम्ही दोघांनीच चालवलेले, घरचे दोन्ही माग बंद केले. स्वतः दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊ लागले. मागकऱ्याच्या घरात यापेक्षा मोठी सेवा नाही. आजारी माणसासाठी माग थांबवतात आणि आल्यागेल्याला ते सांगतात. येणारा प्रत्येक जण तुला म्हणायचा, "उठू नको गं, पड." येताना मोसंबी आणायचे, शहाळी आणायचे. आजाऱ्याला बघायला जाताना कुणी कधी डाळ घेऊन जात नाही. तुझ्या ताटात पेज आणि मऊ भात. पचायला हलकं.

तुला त्या शांततेत झोप यायची नाही. भिंतीपलीकडचा माग ऐकत पडायचीस. मधेच म्हणायचीस, "तिचा ताणा तुटला बघ." आणि खरोखर पलीकडचा आवाज थांबायचा.

"मला नुसतं हुबं राहू दे," तू म्हणत होतीस. "कांड्या तरी भरते."

मी म्हणायचो, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. डॉक्टरांनी असं कुठं सांगितलं होतं, हे मी नंतर कागदांत शोधलं. कुठंही नव्हतं. बातमीत हे वाक्य आलं असतं तर मी बातमीदाराला विचारलं असतं, कोण म्हणालं, केव्हा म्हणालं. स्वतःला विचारलं नाही.

मी वजन लिहीत होतो. घरात माणसं मोजायचा काटा नव्हता, सुताचा होता. सूत वजनावर यायचं आणि कापड वजनावर जायचं, त्यासाठी दारालगत ठेवलेला. दर रविवारी आल्यावर तुला त्यावर उभं करायचो आणि वहीत तारखेपुढे आकडा लिहायचो. बावन्न. बावन्न. साडेबावन्न. त्रेपन्न. मला त्या आकड्यांनी धीर यायचा. सुजाताला फोनवर सांगायचो, आईचं वजन टिकून आहे. उलट थोडं वाढलंय.

एका रविवारी तू काट्यावर उभी राहिलीस, पोटावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बाबू, ओलं सूत हाय रं हे."

मी हसलो आणि त्रेपन्न लिहिलं. तू हसली नव्हतीस, हे मला आत्ता आठवतं.

ओलं सूत म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आप्पांच्या वेळेस व्यापाऱ्याचा माणूस सुताचे गठ्ठे घेऊन आला होता. काट्यावर वजन बरोबर भरलं, आप्पा सही करणार होते. तू तेव्हा पंधरा वर्षांची. गठ्ठ्यातला एक हँक, सुताची लडी, उपसलास, गालाला लावलास आणि म्हणालीस, "आप्पा, ओलं हाय." दमट जागेत ठेवलं की सूत पाणी धरतं, वजन बरोबर भरतं, पण आत सूत कमी असतं. तो माणूस गठ्ठे परत घेऊन गेला. आप्पांनी ही गोष्ट पुढे दहा वर्षं येईल त्याला सांगितली. मी तिथंच उभा होतो. त्याच घरात वाढलेला मी, रविवारमागून रविवार काट्याकडे बघत राहिलो आणि तुझ्या गालांकडे बघितलं नाही. कानशिलांपाशी खड्डे पडले होते. दंडाला सुजाताच्या बोटांची कडी बसत होती. मांड्या वाळत होत्या, पोटात पाणी भरत होतं, आणि दोन्हींची बेरीज त्रेपन्न येत होती.

बेळगावच्या दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं वजन सत्तेचाळीस भरलं. मी तो आकडा लिहिला आणि वही मिटली.

बंगळूरच्या तपासणीत त्यांनी काटा विचारलाच नाही. हातात एक यंत्र दिलं, जोरानं दाबायला सांगितलं. एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभं केलं. मग खुर्चीवर बसवून म्हणाले, हाताची घडी छातीवर घ्या आणि हातांचा आधार न घेता पाच वेळा उठा, पाच वेळा बसा. तू एकदा उठलीस. दुसऱ्यांदा अर्ध्यातून खाली आलीस. ज्या बाईनं दोन मागांमध्ये दिवसाला किती येरझाऱ्या घातल्या याचा हिशेब नाही, तिला खुर्चीतून उठता येईना.

डॉक्टर शांतपणे बोलले. आजारी लिव्हरला अन्नाची शिदोरी साठवता येत नाही. दोन जेवणांत लांब खंड पडला, त्यात डाळ-दूध नसलं आणि अंग हललं नाही, की शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. नाव काढत नाही, पण तूर्त थांबवतो. आज लिव्हर मिळालं तरी या अंगाला एवढं मोठं ऑपरेशन सोसणार नाही. अंगात जोर आणा, मग बघू.

परतीच्या गाडीत हुबळी आली तशी तू खिडकीतून माझ्याकडे वळलीस. मग म्हणालीस, "म्हंजे लिव्हर मिळंल. आक्का मिळायची न्हाय."

यानंतर शिल्पा आली. बेळगावच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणारी ती कन्नड मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायला तयार झाली. पहिल्याच दिवशी कॉट, उशा, बंद माग आणि मोसंब्यांची टोपली बघून ती कन्नडमध्ये काहीतरी फणकाऱ्यानं बोलली. मला आणि दाजींना कळलं होतंच, तरी तू आमच्याकडे वळून मोठ्या चवीनं मराठी केलंस. "ऐकलंसा? आराम देऊन देऊन मारतायसा म्हणतीया मला."

दाजींची मान खाली गेली. माझीही. तुझी नाही. तू बरेच महिने वाट बघत होतीस की हे कुणीतरी बोलावं.

शिल्पानं दिवसाची सहा खाणी ठरवून दिली. मूग, मसूर, ताक, पनीर, झोपायच्या आधी काहीतरी पोटात, उठल्याउठल्या काहीतरी. मीठ मात्र जवळजवळ नाही. पहिल्या दिवशीची उसळ तू एक घास खाल्लीस. "बिनमिठाची उसळ म्हंजे तुझ्या पेपरातला अग्रलेख," म्हणालीस, आणि वाटी संपवलीस.

मग मागावरून वाद झाला. तुला एक माग सुरू करून हवा होता. शिल्पा म्हणाली, चालणं, उभं राहणं, हात वर करणं, सगळं त्यात आहे, दाजी जवळ असले की करू दे. मी नको म्हणालो. फरशी, तेल, हलता पट्टा. म्हणालो, "पडलीस तर?"

"पडले तर उचल. पडून हाय त्यापरीस बरं."

"आक्का, यात गंमत नाही."

"गंमत कोण करतंय रं? तू बातम्या लिव्हतोस, मी कापड करते. तुला कुणी पेन ठेव म्हणालं तर ठेवशील?"

मी मान्य केलं नाही. पुढच्या रविवारी आलो तर आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच आवाज आला. मला आपल्या घरचा माग शंभरात ओळखू येतो. तू मागाला एक हात टेकून उभी होतीस आणि दुसऱ्या हातानं ताण्याच्या तुटलेल्या धाग्याला गाठ मारत होतीस. बोटांना अजून सगळं येत होतं. माझ्याकडे न बघता म्हणालीस, "थोडक्यात सांग." त्या दिवशी मला तुझे आभार मानायचे होते. मी विचारलं, ताक घेतलं का.

वहीतलं वजन मी बंद केलं. आता नवा आकडा लिहीत होतो: हाताची घडी घालून किती वेळा उठलीस. शिल्पानं सांगितलं होतं, पाच झाले की त्याच दिवशी मला फोन करा, मी बंगळूरला कळवते, ते पुन्हा तपासायला बोलावतील. घरात त्या उंचीची एकच खुर्ची, पाहुण्यांची लाल प्लॅस्टिकची. शिल्पा असली की मोजायची ती, "एळ्री अक्का, इन्नोंद सल", उठा आक्का, आणखी एकदा. रविवारी मोजायचो मी. पहिल्या रविवारी एक. मग दोन. पुन्हा दोन. तीन. मधे एका रविवारी परत दोन, कारण आदल्या दिवशी पाणी काढलं होतं. मग तीन. मग चार.

आणि मग तो रविवार.

तू केस विंचरून बसली होतीस. दाजींनी माग थांबवला होता, सुजाता दारात उभी होती. खुर्चीच्या उजव्या हाताला पांढरं सूत गुंडाळलेलं दिसलं. मी विचारलं नाही. घरात काहीही मोडलं की सुतानं बांधायची तुझी सवय, चष्म्याची दांडी असो की डब्याची कडी. तू घडी घातलीस. एक. दोन. तिसऱ्याला दम घेतलास. चार. चौथ्यानंतर तू इतका वेळ बसून राहिलीस की सुजाता म्हणाली, "आई, पुरे." तू मान हलवलीस आणि उठायला लागलीस. अर्ध्यात तुझी घडी सुटली, उजवा हात खाली आला आणि बोटं खुर्चीच्या हाताला लागली. मग तू उभी राहिलीस. पूर्ण.

"पाच!" सुजाता ओरडली.

मी म्हणालो, "हात लागला. चार."

दाजी म्हणाले, "अहो बाबूराव, जाऊ द्या की."

"जाऊ द्या काय? तिथं डॉक्टर जाऊ देणार आहेत का?"

तू अजून उभीच होतीस. "जोर दिला न्हाय रं. नुसती बोटं लागली."

"लागली ना?"

"जोर दिला असता तर काय झालं असतं, ते दिसलं असतं तुला."

मला तो राग वाटला. मी वहीत चार लिहिलं. तू खाली बसलीस, सावकाश, हात न लावता, आणि म्हणालीस, "लिव्ह बाबा. तुला पेपरात छापायचं असंल." मग सुजाताला म्हणालीस, "मामाला जेवायला वाढ गं. खरं बोलून दमलाय."

मी जेवलो. निघताना म्हणालो, पुढच्या रविवारी नक्की होतील. तू म्हणालीस, "व्हय." शिल्पाला फोन केला नाही.

मंगळवारी तुला ताप आला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. बुधवारी तू आम्हाला ओळखेनाशी झालीस. गुरुवारी दुपारी गेलीस. शुद्धीतलं शेवटचं वाक्य माझ्याशी नव्हतं, दाजींशी होतं: मागाला तेल घाला.

दवाखान्याच्या जिन्यात मी डॉक्टरांना गाठलं आणि आयुष्यभर लोकांना विचारले तसे प्रश्न विचारले. रविवारी कळवलं असतं तर? सोमवारी कुणी तपासलं असतं तर ताप आधी कळला असता का? त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सांगता येत नाही." मी उलट प्रश्न विचारणार होतो. विचारला नाही. हे उत्तर खरं आहे, हे मला कळत होतं. जे सांगता येत नाही ते मी बातमीत कधी लिहिलं नाही, आणि इथंही लिहीत नाही. फक्त ते डोक्यातून जात नाही. मी बसमध्ये बसतो, उतरतो, पुन्हा बसतो.

बाराव्या दिवशी मागाच्या खोलीत सतरंज्या घातल्या होत्या. इतके दिवस सगळे खालीच बसत होते, लाल खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. जेवणं झाल्यावर दाजी दमून त्या खुर्चीवर टेकले. उठताना त्यांनी उजव्या हातावर भार दिला. सूत ताडकन तुटलं, खुर्चीचा हात पुढून सुटून लोंबकळला आणि दाजी कलंडले. मी त्यांना धरलं.

"मोडलेलीच होती ती," सुजाता म्हणाली. "त्या शनिवारी मोडली. आईनं सुतानं बांधून ठेवली, बघायला बरी दिसावी म्हणून. मला म्हणाली, यावर कुणी भार द्यायचा न्हाय."

मी खाली बसून तो हात पाहिला. पुढचा खांब आरपार चिरलेला होता. चार पदरी बारीक सूत, तुझी गाठ. गाठ सुटली नव्हती, सूत तुटलं होतं. मी ते हातात घेऊन ओढलं. दोन बोटांच्या जोरानं तुटलं. मग उरलेलं ओढलं. तेही तुटलं. सुजाता म्हणाली, "मामा, काय करताय?" मी पडताळून बघत होतो. माणसाचा भार त्या सुतावर एक क्षणही राहिला नसता. त्या रविवारी तू त्यावर जोर दिला असतास तर दाजींसारखी कलंडली असतीस, आणि ते मला दिसलं असतं. तू तसं सांगितलंही होतंस, थोडक्यात. मागच बंद होता त्या वेळी, आक्का. तरी मला ऐकू आलं नाही.

दाजींनी आता दोन्ही माग सुरू केले आहेत. एका मागावर ते आहेत, दुसऱ्यासाठी बाई बघतायत. शिल्पा एकदा येऊन गेली. खुर्ची टाकायची का असं सुजातानं विचारलं, मी नको म्हणालो. पुढच्या रविवारी मी वडगावला उतरणार आहे, वही घेऊन. गेल्या खेपेला स्टँडवर हेच जमलं नव्हतं.

वर्तमानपत्रात चूक झाली की आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात दुरुस्ती देतात. कारण देत नाहीत, गयावया करत नाहीत. चूक कुठं झाली आणि बरोबर काय, एवढंच. मी अशा पुष्कळ लिहिल्या आहेत. ही एक माझ्या हातची, माझ्याच चुकीची.

तुझ्या वहीतल्या शेवटच्या रविवारच्या नोंदीत 'चार' असं लिहिलं आहे. ते 'पाच' असं वाचावं.